पाकीट टपरीवाल्याकडेच राहते

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक,
आणि तंबाखू नियंत्रणाच्या कागदावर ज्यांची ज्यांची सही लागते ते सर्व.



पत्रास कारण की, बावीस वर्षांत मी ऐंशी-नव्वद हजार सिगारेटी ओढल्या, पण अख्खे पाकीट सहा-सात वेळाच विकत घेतले. एखादे लग्न, एखादा लांबचा प्रवास, एकदा साडूच्या ऑपरेशनला पुण्याला गेलो तेव्हा. बाकी सगळ्या सुट्ट्या. बाजार समितीच्या बाहेर एक टपरी आहे. ट्रॅक्टर बाजूला लावायचा, नोट पुढे करायची, 'एक दे' म्हणायचे. तो पाकिटाचे आतले खोके अंगठ्याने वर सरकवतो, एक कांडी काढून देतो आणि पाकीट परत फळीवर ठेवतो. लायटर दोरीला टांगलेला असतोच. कांडी माझी, पाकीट त्याचे.

त्या पाकिटावर आपण काय छापून घेतले आहे ते मला कळले २०२३ च्या जून महिन्यात, तेही उधारीमुळे. पाऊस लांबलेला, खिशात पैसे नव्हते. टपरीवाल्याने रिकामे पाकीट फाडून उलगडले आणि आतल्या पांढऱ्या बाजूवर माझ्या नावापुढे ३४० लिहिले. मला दाखवायला त्याने तो तुकडा हातात दिला आणि मी सहज उलटा केला. वर ते भयंकर चित्र, लाल पट्टी, आणि खाली काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत एक नंबर: १८००-११-२३५६. सोडायची असेल तर फोन करा. फुकट.

मी विचारले, "हा नंबर कधीपासून आहे रे?"

"असतोच की," तो म्हणाला. "लक्ष कोण देतं?"

नंतर मी माहिती काढली. हा नंबर १ सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. त्याच्या आधी, १ एप्रिल २०१६ पासून, पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असावा असा नियम झाला. म्हणजे जवळजवळ पाच वर्षे मी त्या नंबरापासून दीड हातावर उभा राहून ओढत होतो. आपण माझ्यासाठी फोनलाइन उघडली, माणसे नेमली, ती मराठी बोलतील अशीही व्यवस्था केली, आणि त्याचा पत्ता अशा ठिकाणी लिहिला जो फक्त टपरीवाल्याला दिसतो. त्याला तो दिवसातून पन्नास वेळा दिसत असेल.

आमच्या निफाडात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे जन्मले, १८४२ साली. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेमार्फत सरकारकडे अर्जामागून अर्ज जात राहिले, त्यांतल्या कितीतरींच्या मागे त्यांचे डोके होते. त्या अर्जांचे गोऱ्या सरकारने काय केले ते आपण शाळेत शिकलो आहोत. तरी गावचा गुण म्हणून मीही अर्जच करतो आहे. मोर्चा काढण्याइतका दम फुप्फुसात उरलेला नाही, हेही एक कारण.

तर पहिली गोष्ट सुट्ट्या सिगारेटीची. आपल्याच खात्याने सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रात सुट्टी सिगारेट आणि सुट्टी विडी विकायला बंदी केली. कारणही नेमके होते: २००३ च्या कायद्याप्रमाणे इशारा छापल्याशिवाय तंबाखूचा माल विकता येत नाही, आणि सुट्ट्या कांडीवर इशारा नसतो.  हे वाचून मला आपला अभिमान वाटला, खरेच. फक्त ते मी तीन वर्षांनी वाचले, आणि मधली तीन वर्षे रोज दहा-बारा सुट्ट्या ओढल्या. टपरीवाल्याला विचारले तर म्हणाला, "भाऊ, मला कोणी सांगितलंच नाही." मला त्याचे खोटे वाटले नाही.

आपण बंदी केली ती बहुधा पोरांचा विचार करून. अख्ख्या पाकिटाला पोरांकडे पैसे नसतात, सुट्टी मिळाली नाही तर सुरुवातच होणार नाही, हे बरोबरच आहे. पण सुट्टी सिगारेट सगळ्यांत जास्त कोणाला पाडते ते सांगतो. सोडलेल्याला. सिगारेट सोडून तीन आठवडे झालेला माणूस पाकीट विकत घेत नाही. पाकीट घेणे म्हणजे आपण हरलो हे दुकानदारासमोर, स्वतःसमोर कबूल करणे. तो एक घेतो. 'एकच' या शब्दात मोठी सोय आहे. एक म्हणजे सुरू केली असे होत नाही, एकाचा हिशेब घरी द्यावा लागत नाही. मी चार वेळा सोडली आणि त्यांतल्या तीन वेळा एका कांडीने परत ओढायला लागलो. तिन्ही वेळा टपरीवर दहाचे पाकीटच घ्यावे लागले असते तर मी नक्की माघारी फिरलो असतो असे छातीठोक सांगत नाही. पण एकदा तरी फिरलो असतो.

कशी लागली, हे विचारण्याची पद्धत आहे म्हणून सांगतो. थंडीने लागली. निफाडचा पारा दर डिसेंबर-जानेवारीत वर्तमानपत्रात येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा, चार अंश, पाच अंश, कधी त्याच्याही खाली. पुण्या-मुंबईचे लोक तो कौतुकाने वाचतात. आमच्याकडे त्या रात्री कोणी झोपत नाही. द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात, फुगवण थांबते. मग पहाटे दोन-तीनला बागेत जायचे, बांधाला पालापाचोळा नि भुसा पेटवून धूर करायचा, ठिबक सुरू करायचे, म्हणजे विहिरीच्या कोमट पाण्याने जमिनीत थोडी ऊब येते. २००१ ची थंडी. मी एकवीस वर्षांचा, वडिलांनी पहिल्यांदा एकट्याला बागेवर पाठवले. शेजारच्या बागेतला थोराड माणूस शेकोटीवर बसला होता, त्याने एक पुढे केली. त्या रात्री तोंडातून वाफ आणि धूर वेगळे दिसत नव्हते. बागेला धूर देत होतो, स्वतःलाही दिला.

धुरातले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते असे डॉक्टर सांगतात. सुईने शिरेत दिलेले औषधसुद्धा याहून फार लवकर पोचत नाही. एका कांडीचे दहा झुरके धरले तर मी रोज शंभरेक वेळा मेंदूला ही सुई दिली, बावीस वर्षे. हे मी शिक्षा म्हणून लिहीत नाही. 'मनाचा निर्धार हवा' असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी लिहितो. निर्धार माझ्याकडे भरपूर होता. बारा एकर द्राक्षे निर्धाराशिवाय उभी राहत नाहीत.

२०२१ ला कोणीतरी निकोटिनच्या गोळ्यांचे सांगितले, चघळायच्या. मेडिकलमधून पट्टी आणली. किंमत ऐकून आधी परत ठेवली होती, मग घेतली. ती कशी घ्यायची ते ना मेडिकलवाल्याने सांगितले, ना मी विचारले. चिंगम म्हणजे चिंगम. टपरीवर उभा राहून कटिंग चहाबरोबर ती कचाकच चावली. पाच मिनिटांत उचकी लागली, घशात आग, पोटात मळमळ. टपरीवाला पाठीवर थापा मारतो आहे आणि म्हणतो, "त्यापेक्षा ओढा भाऊ." ओढली. उरलेली पट्टी डॅशबोर्डवर उन्हात वितळली.

दोन वर्षांनी मला त्या फोनलाइनवर कळले की ती चावायची नसतेच. हळूहळू चार-दोन वेळा दाबायची, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची, चुरचुर गेली की पुन्हा दाबायची. अर्धा तास चालते. आणि आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नाही, कारण तोंड आंबट असले की औषध शोषले जात नाही. एवढेच. तीन वाक्ये. ही तीन वाक्ये सांगायला कोणी नव्हते म्हणून माझी दोन वर्षे गेली.

या दोन वर्षांच्या मध्ये, २०२२ ला, मी एका सरकारी रुग्णालयात गेलो होतो. कोणत्या ते सांगत नाही. पहाटेचा खोकला थांबेना. केस पेपर काढला, रांग, डॉक्टरसाहेबांनी छातीला नळी लावली आणि वर न बघता म्हणाले, "सिगारेट बंद करा." मी म्हणालो, "साहेब, कशी?" तोपर्यंत माझ्या मागचा माणूस स्टुलावर बसला होता. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते, सकाळपासून शंभर माणसे तपासली असतील. केस पेपरवर वजन होते, रक्तदाब होता, ताप होता. तंबाखूचा रकाना नव्हता. औषधाच्या खिडकीवर मी विचारून पाहिले, त्या चघळायच्या गोळ्या इथे मिळतात का? आतला माणूस हसला. कुत्सित नव्हे, मी काहीतरी मजेशीर मागितले तसा हसला. खोकल्याचे पातळ औषध आणि सहा गोळ्या घेऊन घरी आलो. येताना टपरी होतीच.

आता यातली गंमत बघा. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी नवी काढली, आणि तीत निकोटिन सोडवणारे हे औषध घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने तर ते आपल्या यादीत २००९ लाच घेतले होते. जुलै २०२४ मध्ये त्यांनी पहिल्यांदाच तंबाखू सोडवण्याच्या उपचाराची मार्गदर्शक सूचना काढली, त्यात साफ लिहिले आहे की सल्ला आणि औषध दोन्ही मिळून द्या. म्हणजे कागदावर माझी मागणी मंजूर झालेली आहे. मी नवीन काही मागतच नाही. दिल्लीपासून खिडकीपर्यंतचे अंतर काय ते उरले आहे.

उधारीच्या तुकड्यावरचा नंबर मी तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. मग खळ्यात, कोणी ऐकणार नाही असे बघून, लावला. मला वाटले होते यंत्र बोलेल, एक दाबा, दोन दाबा. एक ताई बोलल्या. मराठी. त्यांनी उपदेश केला नाही. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली ओढता, हे विचारले. मी म्हणालो, दहा मिनिटांत. कोणाबरोबर ओढता, कधी हात आपोआप खिशाकडे जातो, आधी कधी सोडली होती, ती परत का सुरू झाली. बावीस वर्षांत माझ्या सिगारेटीबद्दल कोणी इतक्या आस्थेने विचारले नव्हते. मग त्या म्हणाल्या, "दादा, एक तारीख ठरवूया." तारीख ठरवायला मला आवडले. आम्ही छाटणीची तारीख ठरवतो तशी. मजूर सांगून ठेवायचे, औषधे आणून ठेवायची, मग कात्री लावायची. ११ जुलै २०२३ ठरली.

सोडण्याचे दिवस कसे जातात ते जाहिरातीत दाखवत नाहीत. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट. डोके जड, झोप नाही, पोट साफ नाही (हे कोणी सांगत नाही, पण बऱ्याच जणांना होते), आणि राग. आमटीत मीठ कमी म्हणून मी ताट सरकवले. बायको काही बोलली नाही. आई बोलली: "ओढ बाबा एक, पण घरात शांतता ठेव." तिने पन्नास वर्षे माझ्या वडिलांच्या विडीच्या धुरात काढली होती, तिला असे म्हणावे लागले यावरून माझ्या तोंडाचा पट्टा किती सुटला असेल याची कल्पना करा. पण ताईंनी एक सांगून ठेवले होते, तलफ जेमतेम चार-पाच मिनिटे टिकते, तेवढी टाळा. आमच्या बागेची एक ओळ जाऊन-येऊन चालायला साधारण तेवढाच वेळ लागतो. तलफ आली की मी एक ओळ चालायचो. पहिल्या दिवशी एकोणीस ओळी झाल्या. गडी माणसे म्हणाली, मालक बागेवर फारच लक्ष द्यायला लागलेत. दोन आठवड्यांनी चार-पाचवर आलो. गोळी यावेळी बरोबर गालात ठेवली.

चार महिने पंधरा दिवस निघाले.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. ती तारीख आपल्या कार्यालयात वेगळ्या फाइलमध्ये असेल. संध्याकाळी गारा आल्या. ज्यांच्या बागा लवकर छाटलेल्या होत्या त्यांचे मणी भरत आले होते. आमच्याकडे घड कुठे फुलोऱ्यात, कुठे ज्वारीएवढे. दहा-बारा मिनिटांत पाने चाळण झाली आणि काड्यांना चिरा पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर आम्ही सगळे उभे होतो, पंचनाम्याची वाट बघत. पायाखाली हिरवे मणी चिकचिक करत होते. कोणी बोलत नव्हते. कोणाचा तरी हात पुढे आला, दोन बोटांत एक कांडी. कोणाचा ते आठवतही नाही. त्याने चांगल्या मनानेच दिली, सुतकात पाणी द्यावे तशी. पुढे दहा-बारा दिवसांनी, ८ डिसेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली. लासलगावला लिलाव थांबले. मी तोपर्यंत रोजच्या आठवर पोचलो होतो.

पंचनाम्यात क्षेत्र लिहिले, टक्के लिहिले, बाग किती वर्षांची ते लिहिले. बांधावर त्या सकाळी किती जणांनी सोडलेली परत धरली याचा रकाना पंचनाम्यात नसतो, आणि नसावा हेही मला कळते. पण गारपीट झाली की कृषी खात्याचे लोक येतात, महसूलचे येतात, आमदार येतात. आरोग्य खात्याचे कोणी बांधावर येत नाही. आले तर फार काही करायचे नाही, तुमचे कसे चालले आहे एवढे विचारायचे.

फोनलाइनचा फोन मी नंतर उचलेना. लाज वाटत होती. त्या ताई ठरलेल्या वारी लावत राहिल्या. चौथ्यांदा उचलला. मला वाटले बोलणी खावी लागणार. त्यांनी फक्त विचारले, "सध्या किती होतात?" आणि मग, "पुढची तारीख कधी घ्यायची?" आम्ही खरड छाटणीची घेतली, एप्रिल २०२४. हे लिहितो आहे तोवर वीस महिने होऊन गेले. झाले असे म्हणत नाही. द्राक्षाच्या खोडात सुप्त डोळे असतात, वर्षानुवर्षे कळतही नाहीत, आणि एक दिवस जुन्या खोडातून फूट निघते. मेंदूतली तलफही अशीच दडून राहते, असे फोनवरच्या ताईंनी सांगितले ते मला यामुळे लगेच समजले.

आपण म्हणाल, महाराष्ट्रात ओढणारे आहेतच किती? बरोबर आहे. केंद्राच्या २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या राज्यात धूम्रपान करणारी प्रौढ माणसे चार टक्क्यांच्याही खाली निघाली, आणि खाणारी, मळणारी, मिसरी लावणारी चोवीस टक्क्यांच्या आसपास. खरा शत्रू तंबाखूची पुडी आहे हे मान्य. मंत्रालयात तर हे सांगायलाच नको, माजी गृहमंत्री आर. आर. आबांना आपण फेब्रुवारी २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगानेच गमावले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि तो कुठे मिळतो हे आपल्यापेक्षा शाळेतली पोरे लवकर सांगतील. पण माझे मागणे दोघांनाही लागू आहे. तीच गोळी, तोच फोन, तोच रकाना. शिवाय आमच्यात धूर सोडणारा सरळ सुटत नाही, तो मळायला लागतो. मी स्वतः एका खेपेला सहा महिने चुना-तंबाखू मळली आणि 'सोडली' म्हणून पेढे वाटले होते.

आणि विडीचे काय? द्राक्षाचे घड विरळायला (थिनिंग) आणि औषधात बुडवायला (डिपिंग) आमच्याकडे सुरगाणा-पेठकडची माणसे येतात, बिऱ्हाडे घेऊन. दिवसाला एक कट्टा सहज संपतो. विडीच्या कट्ट्यावरही चित्र असते, पण तो कागद ओला, चुरगळलेला. नंबर वाचणार कोण, आणि ज्याच्या फोनला चार्जिंग बागेतल्या शेडवर मिळते तो लावणार कधी? विडी देशी म्हणून कमी वाईट, असा समज अजून डॉक्टरांच्याही तोंडी ऐकलेला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणायचे ठरवले. सिन्नरला पिढ्यान्‌पिढ्या बायका विड्या वळत आल्या, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे मी शेजारच्या तालुक्यातला माणूस म्हणून जाणतो. पण त्या बायकांना दुसरे काम द्यायचे सोडून ओढणाऱ्याला विडी स्वस्त करून द्यायची, हा हिशेब मला जमला नाही. त्यांच्याही छातीत तंबाखूचीच धूळ जाते.

आता मागणे. केस पेपरवर एक रकाना छापा: तंबाखू, हो किंवा नाही, सोडायची आहे का. छपाईचा खर्च शून्य. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषधाच्या खिडकीत त्या गोळ्या ठेवा, आणि देताना ती तीन वाक्ये सांगणारे कोणीतरी ठेवा. जिल्ह्याच्या ठिकाणी तंबाखूमुक्तीचे केंद्र असते म्हणे. पण इथल्या माणसाने दिवसाची मजुरी बुडवून, बसचे तिकीट काढून, खोकत खोकत नाशिकला जायचे, तेही एकदा नव्हे तर पाच-सहा वेळा, हे होणे नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी एक समुपदेशक तालुक्याला बसवा. बाजाराच्या दिवशी माणूस येतोच. आशाताई घरोघर जातातच, पण त्यांच्यावर आणखी एक वही लादणार असाल तर आधी मानधनाचे बघा, नाहीतर हे वाक्य मी मागे घेतो.

एकदा मला एका बसस्थानकावर ओढताना पकडले होते. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी बंदी आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. भरला, चूक माझीच. पावती मिळाली. त्या पावतीवर तो फोन नंबर असता तर? दंड भरणारा माणूस त्या क्षणी जितका चिडलेला असतो तितकाच सोडायच्या विचारातही असतो, हे मी अनुभवाने सांगतो. पावती तर तो खिशात घेऊन घरी जातो. पाकिटासारखी ती टपरीवर राहत नाही.

सुट्ट्या विक्रीची बंदी खरेच पाळायची असेल तर सुरुवात टपरीवाल्याला काठी दाखवून करू नका. त्याच्याकडे माल आणून देणारी गाडी येते, तिला पत्ता आहे, बिल आहे. आणि बंदी पाळता येणार नसेल तर निदान कॅनडाने केले ते करा. त्यांनी २०२३ च्या नियमांनी प्रत्येक सिगारेटवरच, फिल्टरजवळच्या कागदावर, इशारा छापायला लावला. जगात पहिल्यांदा. आमच्याकडे त्या जागी एवढा नंबर छापा. कांडी सुट्टी विकली तरी नंबर ओठांपर्यंत येईल.

हे सगळे फार बारीक वाटत असेल. पण आम्हाला बारकाईची सवय आपणच लावली आहे. युरोपला द्राक्ष पाठवायचे तर ग्रेपनेट या सरकारी संगणक-प्रणालीवर बागेची नोंद, प्रत्येक फवारणी वहीत, तारखेसह, काढणीआधी किती दिवस कोणते औषध बंद त्याचे कोष्टक, मग नमुना प्रयोगशाळेत. एका औषधाचा उर्वरित अंश जास्त निघाला तर कंटेनर थांबतो. हॉलंडच्या कुठल्या तरी घरातल्या पोराने खायच्या मण्यात काय आहे याची इतकी काळजी घेणारे राज्य आहे हे. तेच मणी पिकवणाऱ्याच्या छातीतल्या उर्वरित अंशाची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आणखी एक हिशेब. इंग्लंडमधल्या रिचर्ड डॉल यांनी १९५१ पासून हजारो डॉक्टरांना पन्नास वर्षे पत्रे पाठवून नोंद ठेवली, कोण ओढतो, कोण सोडतो, कोण कधी जातो. चाळिशीत सोडली तर सुमारे नऊ वर्षे परत मिळतात, पन्नाशीत सोडली तर सहा. मी पंचेचाळिशीच्या उंबऱ्यावर सोडली, म्हणजे सात-साडेसात धरा. त्यातली दोन वर्षे चहाबरोबर चावलेल्या एका गोळीपायी गेली, हे मनातून जात नाही.

कालचीच गोष्ट सांगतो आणि थांबतो. रात्री नऊला बाजारातून येताना टपरीवर थांबलो, आता बडीशेपेची पुडी घेतो. थंडी मरणाची. टपरीवाल्याने मफलर तोंडावर ओढला होता आणि त्याच्या आत खोकत होता. मी पैसे दिले तर सुट्टे मोजता मोजता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, तो नंबर लागतो का खरंच?"

मी म्हणालो, "लागतो. मराठी बोलतात. आता बंद असेल, सकाळी आठनंतर लाव."

त्याने मान हलवली. बाजूला मोटारसायकल येऊन थांबली, पोराने हेल्मेट न काढताच 'एक दे' म्हटले. टपरीवाल्याने अंगठ्याने पाकीट वर सरकवले, एक काढून दिली, आणि पाकीट फळीवर ठेवले. मग परत उचलून उलटे धरले आणि दिव्याखाली नेले.



आपला,
एक द्राक्ष-कांदा उत्पादक,
निफाड तालुका, जि. नाशिक.
जानेवारी २०२६